विद्युत रोध आणि विद्युत शक्ती यांची गणना

विद्युत परिपथातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील विभवांतर (व्यवहारात व्होल्टेज) आणि त्या घटकातून वाहणारी विद्युतधारा (करंट) या दोन राशी मोजून त्यांवरून त्या घटकाचा रोध आणि त्याने घेतलेली शक्ती काढणे, ही विद्युतशास्त्रातील एक मूलभूत गणना आहे. विभवांतराला धारेने भागले असता रोध मिळतो आणि विभवांतराला धारेने गुणले असता शक्ती मिळते. तारेची जाडी, वितळतारेची क्षमता, उपकरणाचा वीजवापर, रोधकाचा प्रकार अशा अनेक व्यावहारिक निवडी या एका भागाकारावर आणि एका गुणाकारावर आधारलेल्या असतात.

ही गणना अंकगणिताच्या दृष्टीने सोपी असली, तरी तिच्या उत्तराचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. मिळालेला रोध हा मापनाच्या वेळच्या स्थितीतील रोध असतो. घटकाचे तापमान किंवा त्यावरील विभवांतर बदलल्यास तो बदलू शकतो. तसेच शक्तीची तीन सूत्रे एकमेकांच्या जागी वापरता येतात ती केवळ शुद्ध रोधाच्या बाबतीत. मोटार, डायोड किंवा प्रत्यावर्ती धारेवर चालणारी उपकरणे यांना ही सूत्रे विचार न करता लावल्यास उत्तरे चुकतात.

राशी आणि एकके

विभवांतर: एक कूलोम प्रभार परिपथातील एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना होणारे कार्य म्हणजे त्या दोन बिंदूंमधील विभवांतर. त्याचे एकक व्होल्ट आहे. एक व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे एक ज्यूल कार्य.

विद्युतधारा: वाहकाच्या काटछेदातून एका सेकंदात वाहून जाणारा प्रभार म्हणजे विद्युतधारा. तिचे एकक अँपिअर आहे. एक अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कूलोम.

रोध: घटकाच्या टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी धारा यांचे गुणोत्तर म्हणजे त्या घटकाचा रोध. त्याचे एकक ओहम आहे. एक व्होल्ट विभवांतराला ज्या घटकातून एक अँपिअर धारा वाहते, त्याचा रोध एक ओहम असतो.

शक्ती: एका सेकंदात रूपांतरित होणारी ऊर्जा म्हणजे शक्ती. तिचे एकक वॅट असून एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल.

शक्तीचे सूत्र या व्याख्यांमधूनच निघते. दर कूलोममागील ज्यूल आणि दर सेकंदाचे कूलोम यांचा गुणाकार केला की दर सेकंदाचे ज्यूल, म्हणजेच वॅट मिळतात. त्यामुळे विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकाराने मिळणारी शक्ती कोणत्याही घटकाला, कोणत्याही क्षणी लागू पडते. तो घटक ओहमचा नियम पाळतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

इतिहास

विभवांतर, धारा आणि रोध यांतील संबंध जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांनी प्रयोगाने प्रस्थापित केला. कोलोन येथे अध्यापन करीत असताना त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारांमधून वाहणाऱ्या धारेचे मापन सुरू केले. आरंभी त्यांनी व्होल्टाच्या पद्धतीची विद्युत घटमाला वापरली. परंतु तिचे विभवांतर प्रयोग चालू असतानाच घसरत असल्यामुळे १८२५ मध्ये त्यांच्या हाती आलेले सूत्र सदोष ठरले. त्यानंतर त्यांनी घटमालेऐवजी तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म वापरले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्याच्या आणि दुसरे बर्फाच्या तापमानाला ठेवल्यामुळे विभवांतर स्थिर राहिले. या प्रयोगांतून १८२६ मध्ये योग्य संबंध मिळाला आणि १८२७ मध्ये ओहम यांनी तो गणिती विवेचनासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. प्रारंभी या कार्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले.

त्यापूर्वी इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनीही वाहकांच्या रोधासंबंधी प्रयोग केले होते. धारामापी उपलब्ध नसल्यामुळे स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून ते धारेचा अंदाज घेत. हे कार्य त्यांनी प्रसिद्ध केले नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्याचे संपादन करून १८७९ मध्ये ते प्रकाशात आणले.

धारेमुळे वाहकात निर्माण होणारी उष्णता ही धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. हाइनरिक लेन्झ यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला होता. ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही एककांची नावे १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्वीकारली गेली. वॅट हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले.

मूलभूत सूत्रे

दिष्ट धारेच्या परिपथात पुढील दोन सूत्रे पायाभूत आहेत:

* रोध = विभवांतर ÷ धारा
* शक्ती = विभवांतर × धारा

पहिल्या सूत्रावरून विभवांतर = धारा × रोध, तसेच धारा = विभवांतर ÷ रोध, असे मांडता येते. यांची किंमत शक्तीच्या सूत्रात घातली असता आणखी दोन सूत्रे मिळतात:

* शक्ती = धारा × धारा × रोध
* शक्ती = (विभवांतर × विभवांतर) ÷ रोध

चारपैकी कोणत्याही दोन राशी ज्ञात असल्यास उरलेल्या दोन काढता येतात. उदाहरणार्थ, १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेल्या रोधकातून १.५ अँपिअर धारा वाहत असेल, तर त्याचा रोध १२ ÷ १.५ = ८ ओहम आणि शक्ती १२ × १.५ = १८ वॅट असते. पडताळा म्हणून १.५ × १.५ × ८ हा गुणाकारही १८ वॅट देतो.

गणना करण्यापूर्वी सर्व राशी मूळ एककांत आणणे आवश्यक असते. मिलिअँपिअरला १,००० ने भागून अँपिअर आणि किलोओहमला १,००० ने गुणून ओहम करावे लागतात. विद्यार्थ्यांच्या उत्तरांत आढळणाऱ्या हजारपट किंवा दहा लक्षपट चुका बहुधा या पायरीवर होतात.

रोध वाढल्यास शक्ती वाढते की घटते?

वरील दोन सूत्रांपैकी एकात रोध गुणक आहे, तर दुसऱ्यात भाजक आहे. त्यामुळे ती परस्परविरोधी असल्याचा समज होतो. वस्तुतः कोणती राशी स्थिर आहे, यावर उत्तर अवलंबून असते.

घरातील सर्व उपकरणे समांतर जोडणीत असतात आणि प्रत्येकाला जवळजवळ सारखेच विभवांतर मिळते. विभवांतर स्थिर असताना रोध जितका कमी, तितकी धारा जास्त आणि म्हणून शक्तीही जास्त. २३० व्होल्टवर २,००० वॅट घेणाऱ्या पाणी तापकाचा (गीझरचा) रोध सुमारे २६.५ ओहम, तर त्याच विभवांतरावर १०० वॅट घेणाऱ्या तंतुदिव्याचा रोध ५२९ ओहम असतो. अधिक शक्तीचे उपकरण म्हणजे कमी रोधाचे उपकरण.

एकसर जोडणीत मात्र सर्व घटकांतून सारखीच धारा वाहते. तेथे ज्याचा रोध जास्त, त्यात जास्त शक्ती खर्च होते. २३० व्होल्टसाठी बनवलेले ४० वॅट आणि १०० वॅटचे दोन तंतुदिवे एकसर जोडून २३० व्होल्टला लावल्यास ४० वॅटचा दिवा अधिक प्रकाशतो. त्यांचे रोध अनुक्रमे १,३२२.५ आणि ५२९ ओहम स्थिर धरल्यास एकूण रोध १,८५१.५ ओहम, धारा सुमारे ०.१२४ अँपिअर आणि दोन दिव्यांतील शक्ती अनुक्रमे सुमारे २०.४ वॅट आणि ८.२ वॅट येते. प्रत्यक्षात १०० वॅटच्या दिव्याचा तंतू पुरेसा तापत नाही आणि त्याचा रोध आणखी कमी राहतो, त्यामुळे ही तफावत याहूनही मोठी दिसते.

कमी विभवांतराचा परिणाम

तापन उपकरणांत शक्ती ही विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भारतात घरगुती एककला वीजपुरवठ्याचे निर्धारित विभवांतर २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ आहे. वरील २,००० वॅटच्या गीझरला २३० ऐवजी २०० व्होल्टच मिळाले, तर २६.४५ ओहम रोध जवळजवळ स्थिर राहतो आणि शक्ती (२०० × २००) ÷ २६.४५, म्हणजे सुमारे १,५१२ वॅट होते. विभवांतर सुमारे १३ टक्क्यांनी घटले, परंतु शक्ती सुमारे २४ टक्क्यांनी घटली.

याचा परिणाम वेळेवर होतो. १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ५० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे १८.८ लक्ष ज्यूल ऊर्जा लागते. बाहेर निसटणारी उष्णता न धरल्यास २,००० वॅटला त्यासाठी सुमारे १६ मिनिटे, तर १,५१२ वॅटला सुमारे २१ मिनिटे लागतात. एकूण ऊर्जा मात्र जवळजवळ तेवढीच खर्च होते.

मापनाच्या पद्धती

विभवांतर मोजण्यासाठी व्होल्टमीटर घटकाला समांतर आणि धारा मोजण्यासाठी अमीटर घटकाशी एकसर जोडतात. आदर्श व्होल्टमीटरचा रोध अनंत आणि आदर्श अमीटरचा रोध शून्य असावा. वास्तविक उपकरणांच्या बाबतीत तसे नसल्यामुळे दोन्ही वाचने एकाच वेळी घेताना थोडी त्रुटी येते. त्यासाठी दोन जोडण्या वापरतात.

पहिल्या जोडणीत व्होल्टमीटर हा अमीटर आणि घटक या दोहोंवर मिळून असतो. येथे धारा अचूक मोजली जाते, परंतु विभवांतरात अमीटरवरील विभवांतर मिसळते. दुसऱ्या जोडणीत व्होल्टमीटर फक्त घटकावर असतो. येथे विभवांतर अचूक मिळते, परंतु अमीटरमधून घटकाच्या धारेबरोबर व्होल्टमीटरची धाराही जाते.

अमीटरचा रोध ०.५ ओहम आणि व्होल्टमीटरचा रोध २०,००० ओहम असल्यास:

* १० ओहमचा रोधक पहिल्या जोडणीने १०.५ ओहम (५ टक्के जास्त) भरतो. दुसऱ्या जोडणीने ९.९९५ ओहम भरतो.
* १०,००० ओहमचा रोधक पहिल्या जोडणीने १०,०००.५ ओहम भरतो. दुसऱ्या जोडणीने सुमारे ६,६६७ ओहम (३३ टक्के कमी) भरतो.

म्हणून मोठ्या रोधासाठी पहिली आणि लहान रोधासाठी दुसरी जोडणी योग्य ठरते. सीमारेषा साधारणतः दोन मापकांच्या रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाजवळ असते. वरील मापकांसाठी ती १०० ओहम आहे. अत्यंत लहान रोधासाठी धारा पाठवणाऱ्या तारा आणि विभवांतर मोजणाऱ्या तारा वेगवेगळ्या ठेवून चार तारांची पद्धत वापरतात. विसंवाहकाचा अतिशय मोठा रोध मोजण्यासाठी उच्च विभवांतर देणारे मेगर हे उपकरण वापरले जाते.

मापकांच्या अचूकतेचाही विचार करावा लागतो. दोन्ही मापकांत प्रत्येकी १ टक्का त्रुटी शक्य असल्यास गुणाकार आणि भागाकार या दोहोंतही सर्वाधिक सुमारे २ टक्के त्रुटी येऊ शकते. अशा वाचनांवरून काढलेला रोध दशांशचिन्हानंतर चार स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ नसतो.

अमीटर चुकूनही पुरवठ्याला समांतर जोडू नये. ०.५ ओहम रोधाच्या अमीटरवर २३० व्होल्ट आल्यास गणनेनुसार धारा ४६० अँपिअर येते. प्रत्यक्षात तेवढी धारा स्थिरावण्यापूर्वीच मापकातील वितळतार, मापक किंवा जोडणीच्या तारा जळतात. तसेच मल्टिमीटरने रोध थेट मोजताना परिपथ पुरवठ्यापासून तोडलेला असणे आवश्यक असते.

तापमानाचा परिणाम

शुद्ध धातूंचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तांब्याच्या बाबतीत ही वाढ सामान्य तापमानाजवळ दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के असते. नायक्रोमसारख्या संमिश्रात ती बरीच कमी असते. त्यामुळे इस्त्री, शेगडी आणि गीझर यांच्या कुंतलांचा रोध थंड आणि तप्त स्थितीत जवळजवळ सारखाच राहतो, आणि मल्टिमीटरने थंड कुंतलाचा रोध मोजून त्याची शक्ती बऱ्यापैकी अचूक काढता येते.

टंगस्टनच्या तंतुदिव्याला ही पद्धत लागू पडत नाही. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या दिव्याचा प्रकाशमान स्थितीतील रोध ५२९ ओहम असला, तरी थंड तंतूचा रोध त्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. समजा, मल्टिमीटरवर ४० ओहम वाचन आले. त्यावरून शक्ती काढल्यास ती सुमारे १,३२२ वॅट येते आणि ती १०० वॅटच्या दिव्यासाठी उघडच अशक्य वाटते. येथे सूत्र चुकीचे नाही; थंड तंतूचा रोध तप्त तंतूसाठी वापरला, हे चुकीचे आहे. दिवा लावल्याच्या पहिल्या क्षणी मात्र खरोखरच नेहमीच्या कित्येक पट धारा वाहते. तंतुदिवे बहुधा बटण दाबताक्षणीच जातात, त्याचे हे एक कारण आहे.

हाच परिणाम उपयोगातही आणला जातो. मोटारीच्या तांब्याच्या गुंडाळीचा रोध २० अंशांना १० ओहम असून चालवल्यानंतर तो १२ ओहम भरला, तर गुंडाळीचे सरासरी तापमान सुमारे ७१ अंश झाले आहे, असे गणनेने कळते. आत तापमापी न घालता तापमान काढण्याची ही प्रचलित पद्धत आहे. ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम रोध असणारे प्लॅटिनमचे तापमापी याच तत्त्वावर चालतात.

ओहमचा नियम न पाळणारे घटक

विभवांतर आणि धारा यांचे गुणोत्तर ही रोधाची व्याख्या आहे. ते गुणोत्तर विभवांतर बदलले तरी स्थिर राहते, हा ओहमचा नियम आहे. व्याख्या सर्व घटकांना लावता येते, नियम मात्र काहीच घटक पाळतात.

सिलिकॉन डायोडवर १० मिलिअँपिअर धारेला सुमारे ०.७ व्होल्ट विभवांतर असते, म्हणजे गुणोत्तर ७० ओहम. धारा दहापट, म्हणजे १०० मिलिअँपिअर केली तरी विभवांतर थोडेसेच वाढून उदाहरणार्थ ०.८ व्होल्ट होते आणि गुणोत्तर ८ ओहमवर येते. अशा घटकाचा एकच रोध सांगता येत नाही. शक्ती मात्र विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकारानेच, अनुक्रमे ७ मिलिवॅट आणि ८० मिलिवॅट, अशी अचूक मिळते.

एलईडीला जोडायचा रोधक निवडताना या फरकाचा उपयोग होतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर २ व्होल्ट विभवांतराचा एलईडी १५ मिलिअँपिअर धारेने चालवायचा असल्यास रोधकावर उरलेले ३ व्होल्ट येतात. त्याचा रोध ३ ÷ ०.०१५ = २०० ओहम आणि त्यातील शक्ती ०.०४५ वॅट. त्यामुळे पाव वॅटचा रोधक पुरेसा होतो. येथे ५ व्होल्टला धारेने भागणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. रोध काढताना त्याच घटकावरील विभवांतर घ्यावे लागते, संपूर्ण परिपथावरील नव्हे.

मोटार

मोटार फिरू लागली की तिच्या गुंडाळीत पुरवठ्याला विरोध करणारे विभवांतर निर्माण होते. १२ व्होल्टच्या दिष्ट धारा मोटारीच्या गुंडाळीचा रोध १ ओहम असून ती २ अँपिअर धारा घेत असल्यास एकूण शक्ती २४ वॅट होते. गुंडाळीत उष्णतेच्या रूपाने २ × २ × १ = ४ वॅट खर्च होतात आणि उरलेल्या २० वॅटचे घर्षणासह यांत्रिक कार्यात रूपांतर होते. १२ ÷ २ = ६ ओहम हे गुणोत्तर गुंडाळीचा रोध दर्शवत नाही.

मोटार अडकून थांबली, तर विरोधी विभवांतर नाहीसे होते. मग पुरवठा १२ व्होल्टवर टिकून राहिल्यास धारा १२ अँपिअर आणि शक्ती १४४ वॅट होते, आणि ती सर्व उष्णता बनते. चालत्या स्थितीत गुंडाळीला ४ वॅट उष्णता बाहेर टाकावी लागत होती. अडकलेल्या स्थितीत ती ३६ पट होते. जाम झालेला पंप किंवा पंखा तसाच चालू ठेवल्यास गुंडाळी जळते, याचे कारण या गणनेत स्पष्ट दिसते.

प्रत्यावर्ती धारा

प्रत्यावर्ती पुरवठ्यात विभवांतर आणि धारा सतत बदलत असतात. २३० व्होल्ट हे त्याचे प्रभावी मूल्य आहे, म्हणजे त्याच रोधकात तेवढीच सरासरी उष्णता निर्माण करणाऱ्या दिष्ट विभवांतराचे मूल्य. शिखर मूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. इस्त्री, शेगडी यांसारख्या केवळ रोधात्मक उपकरणांसाठी प्रभावी मूल्ये वापरून वरील सर्व सूत्रे तशीच लागू होतात.

पंखा, पंप, वातानुकूलक यांत धारा विभवांतराच्या मागे पडते. अशा वेळी शक्ती काढताना शक्तिगुणक विचारात घ्यावा लागतो:

* शक्ती = विभवांतर × धारा × शक्तिगुणक

२३० व्होल्टवर ०.५ अँपिअर धारा घेणाऱ्या आणि ०.८ शक्तिगुणक असलेल्या यंत्राचा नुसता गुणाकार ११५ व्होल्ट-अँपिअर येतो, परंतु त्याने घेतलेली शक्ती ९२ वॅट असते. तसेच २३० ÷ ०.५ = ४६० ओहम हा त्याचा रोध नसून इंपिडन्स असतो. मल्टिमीटरने मोजलेला गुंडाळीचा रोध याहून बराच कमी भरतो. म्हणूनच वॅटमीटर विभवांतर आणि धारा यांचा प्रत्येक क्षणीचा गुणाकार लक्षात घेऊन त्याची सरासरी दर्शवतो.

घरगुती वापरातील गणना

उपकरणावरील पट्टीवर सहसा विभवांतर आणि शक्ती दिलेली असते. शक्तीला विभवांतराने भागल्यास तापन उपकरणाची धारा मिळते. भारतात ६ अँपिअर आणि १६ अँपिअर अशा दोन क्षमतांची पिनजोडणी (सॉकेट) प्रचलित आहेत. २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडणे धोक्याचे असते. २,००० वॅटचा गीझर, १,५०० वॅटची किटली आणि १,००० वॅटची इस्त्री एकाच १६ अँपिअरच्या परिपथावर एकाच वेळी चालवल्यास एकूण धारा सुमारे १९.६ अँपिअर होऊन अतिभारण होते. अशा वेळी एमसीबी वारंवार पडत असल्यास अधिक क्षमतेची एमसीबी बसवणे हा उपाय नव्हे. भिंतीतील तार पूर्वीचीच राहते, आणि तिला वाचवणारे साधन मात्र निघून जाते.

वीजदेयकातील एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लक्ष ज्यूल. शक्ती किलोवॅटमध्ये आणि वेळ तासांत घेऊन गुणाकार केल्यास युनिट मिळतात. २ किलोवॅटचा गीझर दररोज अर्धा तास चालल्यास ३० दिवसांत ३० युनिट खर्च होतात.

तारेतील आणि सांध्यातील उष्णता

जोडणीच्या तारांचा रोध लहान असला, तरी मोठ्या धारेला तो दुर्लक्षून चालत नाही. एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. अशी २० मीटर लांबीची एक्स्टेंशन केबल वापरल्यास जाणारी आणि येणारी मिळून ४० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.६९ ओहम भरतो. ८.७ अँपिअर धारेला केबलवर सुमारे ६ व्होल्ट विभवांतर पडते आणि सुमारे ५२ वॅट उष्णता निर्माण होते. केबल मोकळी पसरलेली असल्यास ही उष्णता वीस मीटर लांबीवर विखुरते. तीच केबल गुंडाळीवर तशीच ठेवून वापरल्यास उष्णता आत कोंडते आणि विसंवाहक वेष्टन मऊ होऊन लघुपरिपथन होऊ शकते.

सैल सांधा याहून घातक असतो. गंजलेल्या पिनेवर किंवा ढिल्या स्क्रूखाली ०.५ ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून ८ अँपिअर धारा गेली, तर तेथे ४ व्होल्ट विभवांतर पडते. ४ व्होल्टच्या घटीने गीझरच्या कामात फारसा फरक जाणवत नाही. मात्र ८ × ८ × ०.५ = ३२ वॅट उष्णता एका लहानशा बिंदूवर एकवटते. डाख देण्यासाठी वापरली जाणारी साधी डाखणी २५ वॅटची असते, यावरून या उष्णतेची कल्पना येते. अशा वेळी वितळतार किंवा एमसीबी परिपथ तोडत नाही, कारण धारा वाढलेली नसते. उलट किंचित घटलेली असते. काळवंडलेले सॉकेट, गरम लागणारा प्लग आणि जळका वास या खुणा दिसताच पुरवठा बंद करून सांधा दुरुस्त करून घेणे आवश्यक असते.

शरीराचा रोध आणि विजेचा धक्का

कोरड्या त्वचेमुळे मानवी शरीराचा रोध हजारो ओहम किंवा त्याहून अधिक असू शकतो. त्वचा ओली असल्यास तो सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरतो. त्या स्थितीत २३० व्होल्टचा स्पर्श झाल्यास धारा २३० ÷ १,०००, म्हणजे ०.२३ अँपिअर किंवा २३० मिलिअँपिअर होते. काही दशक मिलिअँपिअर धारासुद्धा छातीतून गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

ही धारा १६ अँपिअरच्या एमसीबीच्या क्षमतेच्या केवळ सुमारे सत्तराव्या भागाइतकी असते. म्हणून एमसीबी तारांचे रक्षण करते, स्पर्श करणाऱ्या माणसाचे नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी हे साधन आणि योग्य भूसंपर्कन आवश्यक असते.

हेही पाहा

* ओहमचा नियम
* ज्यूलचा उष्णतेचा नियम
* किर्चहॉफचे नियम
* व्हीटस्टनचा सेतू
* शक्तिगुणक
* भूसंपर्कन